आठशे रुपयांचं सी हॅरियर आणि कोकणातला पावसाळा

देवगडच्या एका ताईंनी विचारलं आहे. नववीतल्या मुलाला १/७२ मापाचं सी हॅरियर विमानाचं प्लास्टिक किट आठशे रुपयांत मिळालं, जुनं पण न उघडलेलं. त्याने जूनमध्ये जोडायला घेतलं. आता ऑगस्ट आला तरी हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला राखाडी ऑइलपेंट बोटाला चिकटतोय, कॅनॉपीची, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची, काच धुरकट झालीय, धडाच्या सांध्यावर फट दिसतेय आणि न लावलेले डिकल (पाण्यात भिजवून विमानावर बसवायची छापील चिन्हं) पिवळे पडलेत. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं साधन) आणि कॉम्प्रेसर घेतल्याशिवाय हे जमायचं नाही, असं कुणीतरी त्याला सांगितलंय. घ्यावा का?

ताई, घेऊ नका. निदान या किटसाठी तर नकोच. तुम्ही लिहिलेल्या तक्रारींपैकी एकही एअरब्रशने सुटणारी नाही. फट घाईमुळे राहिली, काच गोंदामुळे बिघडली, आणि रंग व डिकल यांच्यामागे आपली दमट हवा आहे. स्वस्त किटला महागडी साधनं लागत नाहीत, वेळ लागतो. कोकणात तो वेळ कधी काय करायचं हे बघून द्यावा लागतो. मी किनाऱ्यावर राहूनच विमानं जोडत आलो आहे आणि माझा शिरस्ता ठरलेला आहे: मृगापासून पितृपक्षापर्यंत फक्त कापणं, जोडणं, घासणं. रंगाचा ब्रश दसऱ्यानंतर. म्हणजे मुलाचं वर्ष फुकट गेलेलं नाही. त्याने जे आता करायला हवं ते करायला त्याच्या हातात अजून दोन महिने आहेत.

आधी त्याच्या हातात पट्टी द्या आणि माप समजावून सांगा, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. खरं सी हॅरियर साडेचौदा मीटर लांब, पंखांचा पसारा ७.७ मीटर. बहात्तरने भागलं की मॉडेल वीस सेंटिमीटर लांब आणि जेमतेम पावणेअकरा सेंटिमीटर रुंद होतं. आता उलटं गणित करा. मॉडेलवरची पाव मिलिमीटरची फट खऱ्या विमानावर १८ मिलिमीटरची भेग ठरते. ज्या विमानाच्या धडात करंगळी जाईल अशी भेग आहे ते उडणार नाही, आणि बघणाऱ्याच्या डोळ्यालाही ते कळतं, जरी नेमकं काय खटकतंय ते सांगता आलं नाही तरी. रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर जाड झाला, तर खऱ्या विमानावर सात मिलिमीटरचा गिलावा चढला. दाराखिडक्यांचा ऑइलपेंट इथेच मार खातो. तो लाकडावर जाड बसावा म्हणूनच बनवलेला असतो. पत्र्यांच्या जोडांच्या बारीक रेषा, झडपांच्या कडा, सगळं त्याखाली बुजून जातं.

चिकटणाऱ्या रंगाचं कारणही तेच. ऑइलपेंट नुसता वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो. जाड थराला वरून पापुद्रा धरतो आणि खालचं ओलं तसंच कोंडून राहतं. त्यात खाली प्लास्टिक, जे थेंबभरही शोषत नाही, आणि वर ऑगस्टची हवा. वाट बघून तो नीट व्हायचा नाही, काढायलाच हवा. साधं मिनरल टर्पेंटाइन कापसाच्या काडीवर घ्या आणि थोडं थोडं पुसत जा. दोन-तीन संध्याकाळी जातील. एनसी थिनर मात्र चुकूनही लावू नका. किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरिन असतं आणि थिनरमधले टोल्युइन, ॲसिटोनसारखे द्रव त्याला विरघळवतात. पंखाची कड बघता बघता मऊ पडते आणि ती पुन्हा सरळ होत नाही. रंग निघाला की भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन सावलीत ठेवा.

खरं तर धुणं सगळ्यात आधी व्हायला हवं होतं. साच्यातून भाग सुटावेत म्हणून कारखान्यात जे तेलकट लावतात त्याचा अंश भागांवर राहतो, त्यात आपल्या घामेजल्या हातांची भर. त्यावर रंग धरत नाही. पुढच्या किटच्या वेळी भाग त्यांच्याभोवतीच्या चौकटींसकट, कापण्याआधीच धुवा.

आता सांधा. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण स्वस्त किट आणि चांगलं मॉडेल यांच्यात जे अंतर आहे त्यातलं निम्मं इथेच मिटतं.

प्लास्टिक सिमेंटला आपण सवयीने गोंद म्हणतो, पण ते चिकटवत नाही. ते दोन्ही कडा किंचित विरघळवतं आणि त्या एकमेकींत मिसळून पुन्हा घट्ट होतात. सांधा उरतच नाही, एकच प्लास्टिक होतं. त्यासाठी पातळ सिमेंट वापरायचं. धडाचे दोन अर्धे कोरडे जुळवून धरायचे, ब्रशचं टोक सांध्याला नुसतं टेकवायचं, आणि ते फटीतून आपोआप पुढे धावतं. दहा-पंधरा सेकंद थांबून दोन्ही बाजूंनी हलकेच दाबायचं. मग सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची केसाएवढी रेघ बाहेर येते. ती आली म्हणजे सांधा बसला. पुसायची नाही. कपड्यांचे चिमटे आणि रबरबँड लावून दोन दिवस बाजूला ठेवायचं. पूर्ण कडक झाली की कटरच्या पात्याने वरचेवर खरवडायची आणि वॉटर पेपरने घासायची, आधी ६००, मग १०००, शेवटी १५००. गॅरेजवाल्यांकडे मिळतो तोच वॉटर पेपर, आणि तो ओलाच वापरायचा. धूळ उडत नाही आणि पेपर भरत नाही. सांध्याच्या दोन्ही अंगांना मास्किंग टेपच्या पट्ट्या लावल्या तर शेजारच्या रेषा घासल्या जात नाहीत.

मुलाचं धड तर आधीच जोडून झालं आहे, मग फटीचं काय? किटच्या भागांभोवतीची जी चौकट उरते, ज्याला स्प्रू म्हणतात, तिचे बारीक तुकडे करून थोड्या सिमेंटमध्ये टाका. झाकण लावून रात्रभर ठेवलं की दाट लगदा होतो. तो टूथपिकने फटीत भरा, पृष्ठभागापेक्षा किंचित उंच. वाळताना तो आकसतो, म्हणून घाई नको. आठवडाभर ठेवा, लागलं तर दुसरा हात भरा, मग घासा. हे भरण विमानाच्याच प्लास्टिकचं असल्याने त्यावर रेष कोरली तरी ढलपा उडत नाही. गाड्यांच्या पेंटरकडची लांबीसुद्धा चालते, पण एकदम थापायची नाही, पातळ पातळ दोन-तीन हात. तिच्यातला द्रवही प्लास्टिक मऊ करतो.

पाट्या बनवणाऱ्यांकडे ॲक्रिलिक जोडायला क्लोरोफॉर्म असतो आणि तो यालाही जोडतो, असं कुणी सांगेल. जोडतो खरा, पण नववीतल्या मुलाच्या हातात, पावसामुळे खिडक्या लावलेल्या खोलीत, ते अजिबात नको. सिमेंटसुद्धा पडवीत बसूनच वापरायला सांगा.

साधनांचं म्हणाल तर निम्मी घरातच आहेत. स्प्रूवरून भाग हाताने पिळून तोडू नयेत; चांगल्या धारेच्या नेलकटरने एक-दीड मिलिमीटर बुंधा ठेवून कापावेत आणि बुंधा नंतर पात्याने सपाट करावा. पैसे खर्च करायचेच तर पातळ सिमेंटची बाटली, दोन बरे ब्रश (एक चपटा, एक बारीक गोल) आणि मास्किंग टेप यांवर करा. ब्रशमध्ये कंजुषी करू नका.

कॅनॉपीचा प्रकार वाचल्याबरोबर ओळखला: फेविक्विक. त्याची वाफ पारदर्शक भागावर बसते आणि पांढरा धूर धरल्यासारखी घट्ट होते. दमट हवेत ते फार वेगाने धरतं, त्यामुळे आपल्याकडे हे जास्तच दिसतं. काच निघत असेल तर पात्याच्या टोकाने हळूच सोडवा. आतून २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून अगदी हलका फिरवा आणि मग मऊ सुती कापडावर साधी पांढरी टूथपेस्ट घेऊन गोल गोल चोळत राहा. बराच वेळ काही होत नाहीये असं वाटतं, मग काच एकाएकी उजळते. परत बसवताना साधा फेविकॉल. तो ओला असताना पांढरा दिसतो, वाळला की पारदर्शक होतो, आणि बाहेर आलेला ओल्या कापसाने पुसता येतो. या दिवसांत त्याला रात्रभर द्या.

या विमानाबद्दल थोडं, कारण मुलाने निवड छान केली आहे. भारतीय नौदलात सी हॅरियर १९८३ पासून २०१६ पर्यंत होती. घर आयएनएस हंसा, म्हणजे आपल्या शेजारचं दाबोळी, आणि समुद्रावर विमानवाहू जहाज आयएनएस विराट. स्क्वाड्रन ३००, व्हाइट टायगर्स. हीच स्क्वाड्रन त्याआधी विक्रांत या विमानवाहू जहाजावरून सी हॉक विमानं उडवायची, १९७१ च्या युद्धातसुद्धा. बोगमाळ्याच्या नौदल विमान संग्रहालयात खरं सी हॅरियर उभं आहे. देवगडहून ते एका दिवसात होण्यासारखं आहे, दिवाळीच्या सुट्टीत मुलाला जरूर न्या. विमानाच्या चहूबाजूंनी फिरून फोटो काढायला सांगा, विशेषतः चाकांच्या खोबणी, नोझल (इंजिनाची हवा बाहेर सोडणारी तोंडं) आणि पोटाची बाजू. किटच्या खोक्यावरच्या चित्रात या गोष्टी कधीच नीट दिसत नाहीत.

तिथे त्याने दोन गोष्टी बघाव्यात. पहिली, पंख. हॅरियरचे पंख मुळाकडून टोकाकडे खाली उतरतात. नवखी मुलं ते वाकडे बसले असं समजून सरळ करतात आणि विमानाचा सगळा डौल जातो. मुख्य चाकं पोटाखाली एकामागे एक आहेत आणि पंखांच्या टोकांना दोन बारीक आधारचाकं. मॉडेलमध्ये ही सगळी एकाच वेळी जमिनीला टेकवणं हे या किटमधलं खरं अवघड काम. आधी पोटाखालची चाकं लावून विमान आरशाच्या सपाट काचेवर उभं करा, बाजूला टेकू द्या, पाय पूर्ण वाळू द्या. आधारचाकांचे दांडे सगळ्यात शेवटी, काचेवरच उभं ठेवून, सिमेंट ओलं असतानाच खाली टेकतील असे सरकवा. एखादा लांब पडला तर बुंध्याकडून घासा, चाकाकडून नाही.

दुसरी गोष्ट नोझल. पेगासस इंजिनाची चार नोझल आहेत. पुढच्या दोनांतून इंजिनाच्या पंख्याची हवा येते, मागच्या दोनांतून जळालेला वायू. म्हणून मागची जोडी आणि तिच्या मागची धडावरची पत्र्याची ढाल जळक्या धातूच्या रंगाची, तर पुढची जोडी तशी नसते. चारही एकाच चंदेरी रंगात बुडवलेली मॉडेलं मी पुष्कळ बघितली आहेत. एवढा एक फरक केला तरी ज्याने खरं विमान बघितलं आहे तो माणूस थांबून बघतो.

आता रंग, दसऱ्यानंतरचा. तोवर मुलाला राहवत नसेल तर आपल्या गावच्या गणपतीच्या शाळेत जाऊन बसायला सांगा. भर पावसात तिथे रंगकाम चालू असतं. ब्रशवर किती रंग घ्यायचा, हात कुठे टेकवायचा, रेघ एका दमात कशी ओढायची, हे तिथे जसं शिकायला मिळतं तसं कुठे मिळणार नाही. एक फरक तेवढा लक्षात ठेवावा: माती रंगातलं पाणी पिते, म्हणून पावसातही मूर्तीवर हात चढवता येतात. प्लास्टिक पीत नाही. तिथला ब्रशचा हात घ्यावा, वेळेचं गणित घेऊ नये.

स्प्रेच्या डब्याचा प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) किंवा वॉर्निश तर पावसात मुळीच उडवू नये. द्रव झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि थर दुधाळ होतो. ऑक्टोबरच्या कोरड्या दुपारी, अकरा ते तीनच्या दरम्यान, पातळ फवारा मारावा. गॅरेजचा प्रायमर असेल तर आधी स्प्रूच्या तुकड्यावर मारून प्लास्टिक तडकत नाही ना ते बघावं. प्रायमरवर हॉबीचे ॲक्रिलिक उत्तम. न मिळाल्यास चित्रकलेचे ॲक्रिलिकही चालतात, पण प्रायमरवरच, उघड्या प्लास्टिकवरून ते नखाने सोलून निघतात. दुधाएवढे पातळ करून, चपट्या ब्रशने, एक हात आडवा, वाळल्यावर दुसरा उभा. पहिल्या हाताला खालचं सगळं दिसतं आणि मुलं घाबरून जाड थर देतात. देऊ नये, तिसऱ्या-चौथ्या हाताला झाकलं जातं. अर्धवट वाळलेल्या जागी ब्रश परत फिरवू नये.

सुरुवातीची भारतीय सी हॅरियर वरून गडद समुद्री राखाडी आणि पोटाखाली पांढरी होती. आधी पांढरा, मग टेप, मग राखाडी. टेप लावण्याआधी एकदा तळहाताच्या मागे चिकटवून काढा, म्हणजे चिकटपणा कमी होतो आणि खालचा रंग उचलला जात नाही. राखाडी डब्यातला थेट न वापरता त्यात थोडा पांढरा मिसळा. इतक्या लहान आकारावर गडद रंग आहे त्याहून काळा दिसतो.

पिवळे डिकल फेकू नका. कागद झिपच्या पिशवीत घालून ऑक्टोबरच्या उन्हात खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, काही दिवसांत पिवळेपणा उडतो. मग नको असलेला एखादा छोटा डिकल पाण्यात टाकून बघा. त्याचे तुकडे झाले तर पूर्ण कागदावर पारदर्शक वॉर्निशचा हात द्या आणि प्रत्येक डिकल कडेने कापून घ्या. लावताना विमानाचा पृष्ठभाग चकचकीत हवा. खरबरीत रंगावर डिकलखाली हवा अडकते आणि कडा चंदेरी दिसतात. आधी ग्लॉस वॉर्निश, मग डिकल, शेवटी मॅट. रेषांत नीट बसावेत म्हणून ब्रशच्या टोकाने पांढरं व्हिनेगर लावलं तरी चालतं.

खोक्यातले डिकल ब्रिटिश असतील आणि मुलाला विराटवरचं विमान करायचं असेल, तर भारतीय चक्र घरी करता येतं: बाहेर केशरी, मध्ये पांढरं, केंद्रात हिरवं. डिकल कागदावर छापून घेणार असाल तर एक अडचण आधीच सांगतो. साधा प्रिंटर पांढरा छापत नाही. पारदर्शक कागदावरचा केशरी गडद राखाडीवर गेला की दिसेनासा होतो. एकतर पांढऱ्या पाठीचा डिकल कागद घ्यावा, किंवा विमानावर आधी पांढरी गोल टिकली रंगवून तिच्यावर डिकल बसवावा. इंकजेटची छपाई असेल तर पाण्यात बुडवण्याआधी वॉर्निश हवंच. क्षेपणास्त्रांबाबतही फरक आहे. ब्रिटिशांची सी हॅरियर साइडवाइंडर न्यायची, आपली फ्रेंच मॅजिक. किटमध्ये साइडवाइंडर असतील तर त्या न लावता पंखांखाली फक्त इंधनाच्या टाक्या लावाव्यात, तेही बरोबरच दिसतं.

पुढचं किट कोणतं, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. मुलाला आपल्या हवाई दलाचं नॅट करायचं असेल तर खोकं बघून घ्या. बाजारात १/७२ मध्ये सहज दिसतं ते दोन आसनांचं ब्रिटिश ट्रेनर आहे; १९६५ मध्ये आपल्याकडे लढलं ते एकआसनी. नुसता रंग बदलून एकाचं दुसरं होत नाही. आणि नॅट असो वा मिग, नाकाखाली चाक असलेलं विमान शेपटीवर बसू नये म्हणून नाकात वजन भरावं लागतं. त्याला पागाच्या, म्हणजे फेकायच्या जाळ्याच्या, काठाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या उत्तम, जाळ्यांच्या दुकानात मिळतात. लोखंडी नटबोल्ट किंवा छर्रे नकोत, आपल्या हवेत ते आतल्या आत गंजतात. शिसं फेविकॉलमध्ये बसवू नये. काही वर्षांनी त्याची पांढरी भुकटी होऊन ते फुगतं आणि नाकाचा सांधा फोडतं. एम-सील किंवा अ‍ॅरल्डाइटमध्ये घट्ट बसवावं, नंतर हात साबणाने धुवावेत. किती वजन लागेल ते धड बंद करण्याआधीच बघायचं: सगळे भाग टेपने तात्पुरते जोडा, मुख्य चाकांच्या जागी धडाखाली पेन्सिल आडवी ठेवा, आणि नाक स्वतःहून खाली झुकेपर्यंत गोळ्या वाढवत जा. झुकल्यावर आणखी एक टाका, कारण रंग आणि चाकं चढल्यावर शेपटीकडेही थोडं वजन वाढतं.